खालची पायरी

मांय गुडघ्यांची तक्रार करायला लागली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती वयावर ढकलली. चालताना तिचे गुडघे दुखत नसत, बाजारातून पिशवी घेऊन येताना दुखत नसत. फक्त घराच्या पायरीवर बसून मासे साफ करताना दुखत. "गुडघे हनवटीक लागतत," ती म्हणायची. मालवणातल्या डॉक्टरांनी तेल दिलं, गोळ्या दिल्या आणि वर वजन कमी करायला सांगितलं. मांयचं वजन आधीच एवढंसं, त्यातलं कमी काय करणार? घरी आल्यावर तिने त्या डॉक्टरांबद्दल मालवणीत जे काही सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, एका व्हाळाच्या काठाला. पावसाळ्यात वाहणारा आणि मार्चपर्यंत आटून जाणारा हा छोटा ओढा. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, पुढे अंगण आणि अंगणाच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूने, पांढरा क्रूस. आम्ही त्याला खुरीस म्हणतो. दर वर्षी मेच्या शेवटी त्याच्यापुढे लादीन होते. वाडीतली सगळी जमतात, प्रार्थना म्हणतात, गातात, मेणबत्त्या लावतात आणि मग उकडलेले चणे खात गप्पा मारत बसतात. शेजारचे काका-काकी हिंदू, त्यांच्या दारात तुळस. पण लादिनीचे चणे काकीच शिजवतात, कारण मांयचे चणे गोट्यांसारखे राहतात असं त्यांचं ठाम मत आहे. मांयला ते मान्य नाही, पण चणे शिजवायचा त्रास वाचतो म्हणून ती गप्प बसते.

माझे वडील, आमचे पापा, जहाजावर स्वयंपाकी होते. वर्षातला बराचसा काळ ते समुद्रावर असायचे आणि लादिनीच्या सुमाराला सुट्टी जुळवून घरी यायचे. आले की दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलं आणि टिकाव घेऊन मागच्या भरडावर, म्हणजे घरामागच्या उंच कोरड्या जमिनीवर, जायचे आणि तिथली लाल माती खणून आणायचे. ती क्रुसापुढे पसरायची, फावड्याने घरापर्यंत ओढत आणायची, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायची. वाडीतले बाकीचे लोक क्रुसाला चुन्याचा हात देत, पताका लावत. पापा नवी माती घालत. कोणी विचारलं तर म्हणायचे, पाहुण्यांपुढे नवी चटई अंथरतात, तशी देवापुढे नवी माती. मांयचं म्हणणं वेगळं होतं. "वर्सभर पाण्यावर रवणारो माणूस," ती सांगायची, "घराक इलो की आदी माती शोधी."

या मातीने तेव्हा काही बिघडत नव्हतं, कारण पाऊस ती दर वर्षी परत नेत होता. आमचं अंगण मुळात घराकडून पश्चिमेला, माडांच्या दिशेने उतरतं होतं. पावसाचं पाणी पापांची माती घेऊन माडांपाशी जायचं, तिथून व्हाळात. मेमध्ये घातलेली माती ऑगस्टमध्ये नाहीशी, की पुढच्या मेमध्ये पुन्हा घमेलं. घेणंदेणं चोख होतं. पण पापा निवृत्त होऊन कायमचे घरी आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आख्खा पावसाळा पायरीवर बसून पाहिला. आपण घातलेली माती डोळ्यांदेखत वाहून चाललीय हे काही त्यांना बघवेना. पाऊस संपल्यावर त्यांनी माडांच्या बाजूला अंगणाच्या कडेने चिऱ्यांची एक नीटस ओळ लावून टाकली. माती थांबली. सगळी वाडी येऊन कौतुक करून गेली. माती थांबली म्हणजे पाणीही थांबणार, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि माती थांबली म्हणून पापा थोडेच थांबणार होते? दर मेमध्ये नवी माती येतच राहिली.

पापा गेल्यावर त्यांचा नेम मोडू नये असं आम्हां दोघा भावंडांना वाटलं. माझा भाऊ मुंबईला, बोरिवलीच्या पुढे, एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. त्याला मेमध्ये रजा मिळेलच असं नसतं, म्हणून तो फोनवरून मातीचा टेंपो सांगायचा. पापांची काही घमेली असायची, याचा आख्खा टेंपो. मी लग्न होऊन मालवणात असते, शाळेत शिकवते. दर शनिवारी स्कूटरने मांयकडे जायची, तेव्हा ती माती पसरायचं काम माझ्याकडे यायचं. आपल्या हाताने आईच्या खोलीत पाणी सोडायची एवढी साग्रसंगीत व्यवस्था क्वचितच कोणी केली असेल.

कारण पाणी आलंच. मांयची खोली घराच्या कडेला, बाकीच्या घरापेक्षा जराशी खाली, आणि तिचं एक दार अंगणात उघडतं. पहिल्या वर्षी उंबऱ्याशी ओल दिसली. दुसऱ्या वर्षी दारातून पाणी आत आलं आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक गंजली. मग सुरू झाले उपाय. भिंतीला पाणी अडवणारा महागडा रंग लावला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्याच्या पुढच्या वर्षी दारात सिमेंटचा उंच कठडा घातला. त्या पावसात पाणी जोत्याच्या चिऱ्यांमधून झिरपून आत आलं आणि आमच्या कठड्यामुळे आतच राहिलं. मांय सकाळी उठून पाय खाली ठेवते तर घोटाभर पाणी. कौलं चांगली, भिंती चांगल्या, आणि माझी आई स्वतःच्या खोलीत तांब्याने पाणी उपसत होती. मी दारात उभी राहून रडले. मांयने मला तांब्या दिला आणि उपसायला सांगितलं.

भावाला हे कळलं आणि त्याने निर्णय जाहीर केला. आणखी एका पावसात जर खोलीत पाणी आलं, तर तो येऊन मांयला मुंबईला घेऊन जाणार, घराला कुलूप. तो वाईट मुलगा नाही. त्याला रात्र रात्र झोप येत नसे, हे मला वहिनीने सांगितलं आहे. पण त्या सातव्या मजल्यावर मांय एकदा महिनाभर राहून आली होती. परत आल्यावर ती आधी अनवाणी अंगणात उतरली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. तिला पुन्हा तिकडे पाठवायचं, आणि तेही परत न येण्यासाठी, हे मला मान्य नव्हतं. मांयने त्या मेच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या देवाच्या तसबिरी पुसून कापडात बांधून ठेवल्या. ते गाठोडं पाहिलं आणि मला भयंकर राग आला.

राग आला की मला काम सुचतं, हा माझा एकमेव चांगला गुण. शाळेला सुट्टी लागली होती. मी कपड्यांची पिशवी घेऊन मांयकडे राहायलाच गेले. भावाचा सल्ला होता की जेसीबी आणि पेव्हर ब्लॉकवाला बोलव, अंगण एकदाचं बंद करून टाक. उंटावरचा शहाणा! ब्लॉक घातले तरी उतार कुठे जाणार होता? आमच्या पाणंदीतून स्कूटर कशीबशी येते, तर जेसीबी काय आकाशातून सोडायचा? टेंपोसुद्धा माती रस्त्यावरच ओतून जायचा.

दर वर्षी मी सातवीच्या मुलांना एक धडा शिकवते: नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर उभं राहतं. आयुष्यभर फळ्यावर काढलेली ती आकृती पहिल्यांदाच घरी उपयोगाची वाटली. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी मी बाजारातून आणली आणि पाण्याने भरली. एक टोक धरायला माणूस हवं होतं. काका झोपले होते, काकी देवळात गेल्या होत्या. मग मांयला खोलीच्या दाराबाहेर उभं केलं, टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन मी क्रुसापाशी गेले.

नळीतलं पाणी डुचमळून शांत झालं. माझ्याकडे ते पोटरीच्याही खाली होतं. मी मांयला विचारलं, तुझ्याकडे कुठे आहे? ती वाकून बघत राहिली. मग तिने बोट लावून दाखवलं. गुडघ्याच्या वर. म्हणजे क्रुसापासची जमीन मांयच्या दारापेक्षा वीतभराहून जास्त उंच झाली होती. पडलेला प्रत्येक थेंब घराकडे यायला मोकळा, आणि माडांकडे जायला चिऱ्यांची ओळ आडवी. देव उंचावर कोरडा आणि त्याची भक्तीण पाण्यात.

आपण जागा बदलू या, असं मांय म्हणाली. तिला वाटलं मी काहीतरी चुकीचं धरलंय. आम्ही टोकं बदलली. तिच्याकडे पोटरी, माझ्याकडे गुडघा. मग तिने नळी हळूच खाली ठेवली.

"पाणी खोटा बोलणा नाय," ती म्हणाली.

मी लगेच हिशेब मांडायला लागले, की क्रुसापासून माती काढायची, घराजवळ उतार द्यायचा, चिऱ्यांची ओळ उपटायची. माझी हीच खोड आहे. समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. मांयने पदराने हात पुसले.

"खुरसाकडच्या मातीक कोणी हात लावचो नाय. ती तुझ्या पापान घातलेली आसा."

मी वाद घातला. पापा असते तर त्यांनी स्वतः काढली असती, असं म्हटलं. निम्मी माती पापांची नाहीच, टेंपोची आहे, असंही म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर टेंपोचं ऐकून तिचा चेहरा इतका उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. तिला मुंबईला जायचं नव्हतं आणि पापांची माती काढायची नव्हती, आणि दोन्ही जमणार नव्हतं. हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर मांय क्रुसाशी बसलेली. हातात कोयता, आणि कोयत्याच्या टोकाने ती क्रुसाच्या बुडाशी माती उकरत होती. मला वाटलं प्रार्थना करतेय, म्हणून मी जरा थांबले. मग जवळ गेले. क्रुसाला एकच पायरी आहे असं मी धरून चालले होते. मांयने हातभर लांब खणलं होतं आणि त्यात आणखी एक पायरी दिसत होती, चिऱ्याची, ओबडधोबड. तिच्यावर मेणाचे थर होते, काळपट पिवळे, चिऱ्याला घट्ट चिकटलेले.

"हंयसर तुझी आजी मेणबत्ती लावी," मांय म्हणाली. "देवाचीच पायरी आमी पुरली."

मी तिच्याशेजारी मातीत बसले. ती मेणावरून अंगठा फिरवत राहिली. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या लादिनीला तिनेही मेणबत्ती तिथेच लावली होती, वाऱ्याने विझली होती आणि पापांनी आपल्या टोपीचा आडोसा धरला होता, असं तिने सांगितलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. मग तिने कोयता माझ्या हातात दिला.

"काढ. पण ही माती टाकूची नाय. माडांक घाल."

इतकं सोपं होतं ते. आमच्याकडे पावसाआधी माडांच्या बुडाशी माती घालतातच. जी माती पाऊस पूर्वी आपणहून माडांपर्यंत नेत असे, ती आता आम्ही नेणार होतो. पापांची माती पापांच्याच माडांना. मला हे सुचलं नव्हतं, याचा मला आनंदच झाला.

मग अंगणात माणसांची झुंबड उडाली. दोन कामकरी बायका रोजाने आल्या, माझा नवरा संध्याकाळी बँकेतून सुटला की हाफ पँट घालून हजर व्हायचा, आणि शेजारच्या काकांनी आपली एकचाकी गाडी दिली, सोबत अखंड सूचना दिल्या. ते तरुणपणी गलबतावर होते, त्यामुळे पाणी कुठल्या बाजूला कलणार हे त्यांना जन्मापासून ठाऊक आहे असं ते सांगत. दोनदा ते साफ चुकले. काकींनी चहा देता देता त्यांना तसं ऐकवलंही.

माती काढताना मध्येच मेणबत्त्यांची बुडं निघत, थंड पेयांच्या बाटल्यांची गंजलेली बुचं निघत, एकदा एक काचेची हिरवी गोटी निघाली जी माझीच होती असा माझा दावा आहे. आम्ही पसरलेली टेंपोची भरड माती वर, पापांची बारीक लाल माती तिच्याखाली; फरक हाताला कळायचा. पापांच्या मातीशी पोचलो तेव्हा मांयने पहिलं घमेलं स्वतः भरलं आणि स्वतःच माडापाशी रितं केलं. मग ती बाजूला झाली आणि आम्ही पुढे कामाला लागलो.

घराजवळची माती उतरत गेली आणि एका दुपारी पुढच्या दाराशी खणताना फावडं खट्ट वाजलं. खाली दगड होता. माती झाडली तर सरळ कड दिसली. आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या, हे मी पार विसरले होते. सर्वांत वरची पापांची, ते घरी असले की तिच्यावर बसून विडी ओढत. मधली मांयची. आणि खालची आम्हां दोघा भावंडांची; तिच्यावर बसून आम्ही पेज जेवलो, पाढे म्हटले, भांडलो, जागेसाठी एकमेकांना ढकललं. मातीने ती आख्खी गिळली होती आणि मांयची अर्धी. मांय मधल्या पायरीवर बसायची ती पाय खालच्या पायरीवर ठेवून. खालची बुजली, जमीन वर आली, आणि गुडघे हनवटीला लागले. डॉक्टरांच्या गोळ्यांना बिचाऱ्यांना काय कळणार?

मांय आली, मधल्या पायरीवर बसली आणि पाय खाली सोडून टेकवले. उठून पुन्हा बसली. मग इतकी हसली की काकी कुंपणाकडे धावत आल्या.

उतार मात्र असाच हाती लागला नाही. आम्ही जोत्याकडून बाहेर हातभर उतरतं केलं, अंगणाच्या मध्यावरून माडांकडे जाणारा उथळ पन्हळ काढला, पापांनी लावलेली चिऱ्यांची ओळ काढून ते चिरे विहिरीवर कपडे धुवायच्या जागी बसवले. चोपून झाल्यावर विहिरीचं पाणी कळशीने जोत्याशी ओतलं. ते ऐटीत निघालं आणि अंगणाच्या मधोमध थबकलं. तिथे थाळीएवढा खळगा राहिला होता. खरवडला, चोपलं, पुन्हा कळशी. आता पाणी क्रुसाकडे वळलं. पुन्हा खरवडलं. मांय पायरीवर बसून पाहत होती आणि पाणी चुकलं की नुसतं बोट दाखवत होती. शेवटच्या कळशीचं पाणी जोत्यापासून निघालं, पन्हळात शिरलं आणि कुठेही न रेंगाळता माडांच्या आळ्यात जाऊन मुरलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी मातीने भरलेल्या हातांनी तशीच पायरीवर बसले.

लादीन त्या वर्षी नवी माती न घालता होते की काय, असा प्रश्न वाडीत कुजबुजला गेला. मांयने त्याचं उत्तर न बोलता दिलं. लादिनीच्या सकाळी तिने क्रुसापुढची एक घमेलं माती खरवडून माडाला घातली, आणि मग भरडावरची एक घमेलं नवी माती आणायला मला पाठवलं. आधी एक काढायचं, मग एक घालायचं. आता आमच्याकडे हाच नेम आहे. मेणबत्त्या वाडीतल्या सगळ्यांनी त्या खालच्या, मेणाच्या थरांच्या पायरीवर लावल्या. काकींचे चणे मऊ झाले होते.

जूनमध्ये खोली कोरडी राहिली. पण जूनवर मी विश्वास ठेवत नाही. आमची परीक्षा असते ती म्हाताऱ्या पावसात, पुष्य नक्षत्राच्या, जो दिवस दिवस उठायचं नाव घेत नाही. मागच्या वर्षी त्यानेच खोली भरली होती. तसा तो आला आणि लागून राहिला. शनिवारी शाळा सुटल्यावर मी रेनकोट घालून स्कूटर काढली ती मनातल्या मनात सगळे संत आठवत. व्हाळ दुथडी भरून चालला होता.

मांय मधल्या पायरीवर बसली होती. वर पडवीचं छप्पर, मांडीपाशी पाट, पाटावर खाडीतले मासे, पाय खालच्या पायरीवर. तिच्या समोरून अंगणभर पाणी वाहत होतं, लालसर, हातभर रुंद धारेने, थेट माडांकडे. मी चपला न काढताच तिच्या खोलीत गेले आणि खाली वाकून पलंगाखाली हात फिरवला. हात कोरडा आला. भिंतीवर तसबिरी परत लागल्या होत्या. कधी लावल्या, ते तिने मला सांगितलंही नव्हतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. पाऊस टीव्हीवर दिसला की तो फोन करतोच. मांयचे हात माशांचे होते, म्हणून मी फोन स्पीकरवर करून पायरीवर ठेवला. त्याने ना बरं विचारलं ना काही, एकदम म्हणाला, "मांय, पाणी इला?"

मांयने सुरी खाली ठेवली.

"इला. अंगणातसून माडांकडे गेला."

पलीकडे त्याचा सुटलेला श्वास मला ऐकू आला.

"आयक," मांय म्हणाली. "पायरी भायर इली."

"खंयची?"

"खालची. तुमची. आता माका न्हेवक येव नको रे झिला. बसाक ये."